एक्क्याण्णवावं पान

एक

मोठ्या बाईंच्या टेबलावर माझ्या कादंबरीच्या पाच प्रती ओळीने उघड्या ठेवल्या होत्या आणि पाचांतूनही अकरावं प्रकरण गायब होतं.

"बसा ना," मोठ्या बाई म्हणाल्या. मी बसले नाही. स्वतःचं पुस्तक असं फाटून समोर पडलेलं असताना खुर्चीत टेकायचा माझा स्वभाव नाही. मी आले होते नववीच्या मुलांशी गप्पा मारायला. मुख्याध्यापिकेने वर्गाऐवजी आपल्या खोलीकडे वळवलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

खोलीबाहेरच्या बाकावर एक मुलगी मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. शाळेत असल्या बाकावर बसलेलं पोर म्हणजे शिक्षा झालेलं, असा माझा अनुभव. म्हणून आत शिरता शिरता मी तिला विचारलं होतं, "काय उद्योग केलास गं?"

"काही नाही. वाट बघतेय."

"कुणाची?"

तिने नुसते खांदे उडवले. मी पुढे झाले.

मोठ्या बाईंनी दार लावलं आणि आवाज खाली आणला. "सोमवारी पालक समितीच्या अध्यक्षांनी तक्रार केली. तुमचं पुस्तक मुलांच्या डोक्यात नको ते भरवतं, म्हणून लायब्ररीतून काढून टाका. मी सगळ्या प्रती मागवल्या, तर या अशा आल्या. आता अध्यक्ष म्हणतात, पुस्तक काढाच, आणि ज्याने फाडलं त्यालाही शाळेतून काढा."

"पुस्तकही नको आणि फाडणाराही नको? खरं तर त्याला बक्षीस द्यायला हवं त्यांनी."

बाई हसल्या नाहीत. "चेष्टा नाही हो. चार वाजता बैठक आहे. आजार, दुःख, घटस्फोट, मरण, जे जे काही मुलांच्या पुस्तकांत येतं, त्याचं अख्खं कपाट रिकामं करायचा ठराव आहे. आणि फाडणारा विद्यार्थी निघाला तर मला त्याला घरी पाठवावं लागेल. तुम्हाला तुमच्या पुस्तकातलं पान न पान पाठ असणार. बघा काही सुचतंय का."

आता माझ्या कादंबरीबद्दल सांगायला हवं. पंधरा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट आहे. तिचं मन आजारी पडतं. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी भूक जाते, मग झोप, मग मैत्रिणी. अकराव्या प्रकरणात ती पहिल्यांदा आईजवळ तोंड उघडते. दहा प्रकरणं मी तिला गप्प ठेवलंय ती या एका प्रकरणासाठी. आणि नेमकं तेच कुणीतरी नेलं होतं.

मी प्रती जवळ ओढल्या. प्रकरण बारा पानांचं, म्हणजे सहा कागद. एका प्रतीतून सहाही गेले होते. ती प्रत जुनी होती, पहिल्या आवृत्तीची, पाठीवरचं कापड उसवलेलं. तिच्या शिवणीजवळ कागदाची कड बारीक दातऱ्यांसारखी फाटली होती. पट्टी दाबून धरून हाताने फाडलेला कागद असाच दिसतो. उरलेल्या चार प्रती नव्या आवृत्तीच्या होत्या. त्यांतले कागद सरळ, स्वच्छ कापलेले होते.

आणि त्या चारांतून पाचच कागद गेले होते. रिकाम्या जागेत एकच पान ताठ उभं होतं, चारही पुस्तकांत तेच.

पान एक्क्याण्णव. माझ्या कादंबरीतल्या मुलीने "मला जगावंसं वाटत नाही" हे शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले ते पान. अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात कठीण पान कापणाऱ्याने नेमकं तेवढंच ठेवलं होतं.

दोन

शाळेत आठवड्यातून दोनदा समुपदेशक बाई येत. वयाने लहान, केस मागे घट्ट बांधलेले, बोलण्याआधी समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. अशी माणसं मला जरा अवघड जातात, कारण मग मलाही ऐकून घ्यावं लागतं. माझ्या पुस्तकाबद्दल त्यांनी शाळेला काहीतरी लिहून दिलंय, एवढं मोठ्या बाईंकडून कळलं होतं. मी तलवार उपसूनच त्यांच्या खोलीत गेले.

"तुमचा पुस्तकाला विरोध आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच."

"सगळ्यांनी पहिलीच ओळ वाचलेली दिसते." त्यांनी खुर्ची पुढे केली. यावेळी मी बसले. "मी एवढंच म्हटलंय की अकरावं प्रकरण मुलांनी एकट्याने वाचू नये. वर्गात वाचा, मी येऊन बसते. आणि शेवटी मदत कुठे मागायची ते छापलेलं असू दे. तुम्ही अंधार खरा लिहिलाय. तो खरा आहे म्हणूनच मुलाचा हात कुणीतरी धरलेला हवा."

मी विषय बदलला. "एक्क्याण्णवावं पान तुम्हाला कसं वाटतं? खरं सांगा."

"आधीपेक्षा बरं. पहिल्या आवृत्तीत ती विचारायची, 'आई, मी वेडी झालेय का गं?' आता ती म्हणते, 'आई, मला बरं नाहीये. ताप नाहीये, पण बरं नाहीये.' चांगलं केलंत बदललंत."

"मी कुठे बदललं? माझ्या डॉक्टर मैत्रिणीने बदलायला लावलं. म्हणाली, त्या शब्दाच्या भीतीनेच मुलं तोंड उघडत नाहीत आणि तू तोच शब्द तिच्या तोंडी घालतेस. मी तिच्याशी कचाकचा भांडले आणि हरले. मग हट्टाने जुन्या आवृत्तीचा उरलेला गठ्ठाही दुकानांतून परत मागवला. आता जुनी प्रत विकत कुठेच मिळत नाही."

त्या हसल्या. मला त्या आवडायला लागल्या होत्या, पण संशयितांशी मैत्री करू नये असं म्हणतात.

"समजा तुम्हाला हे प्रकरण खटकलं असतं आणि तुम्ही ते कापलं असतं," मी म्हटलं, "तर एक्क्याण्णवावं पान ठेवलं असतंत?"

"उलट. गेलं असतं तर पहिलं तेच."

मलाही तेच वाटत होतं. पुस्तकावर रागावलेला कुणीही ते पान आधी कापेल. म्हणजे कापणाऱ्याचा पुस्तकावर राग नव्हता. मग काय होतं?

मी उठले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "तुम्ही सगळे विचारताय, कोणी फाडलं. मी विचारतेय, कशासाठी फाडलं. कुणी मोठ्याने रागाने फाडलं असेल तर तो शाळेचा प्रश्न. पण एखाद्या मुलाला ते प्रकरण स्वतःसाठी हवं झालं असेल, तर ते मूल आत्ता कुठे आहे?"

तीन

अध्यक्ष शिक्षकांच्या खोलीत बसले होते. बैठकीला अवकाश होता तरी गृहस्थ दुपारपासून येऊन ठाण मांडून होते. त्यांचं टाइल्सचं मोठं दुकान. बसल्या बसल्या ते बुटाच्या टोकाने खालची फरशी ठोकून बघत होते, पोकळ लागते का ते.

"तुम्हीच का त्या लेखिका?" ते म्हणाले. "वाटलं नव्हतं."

"काय वाटलं होतं?"

"तरुण असाल. असलं काहीतरी तरुण लोक लिहितात." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते ओशाळले. माणूस दुष्ट नव्हता. झोप न झाल्यासारखे डोळे होते आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं होतं. घरात कुणी सांगणारं नसलं की असं होतं.

"तुमचं मूल आहे ना या शाळेत?"

"मुलगी. नववीत. गुणी पोर आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात तिचा आवाजसुद्धा येत नाही." हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. "म्हणूनच म्हणतो, अशा साध्या पोरांच्या हातात हे नको. त्यांच्या मनात नसलेलं तुम्ही घालता."

"मनात नसतं हे तुम्हाला कसं माहीत?"

"बाप आहे मी तिचा."

"आणि आई?"

त्यांचा बूट फरशीवर थांबला. "ती दुसऱ्या गावाला असते. वर्ष झालं. त्याचा इथे संबंध नाही."

मी तो धागा सोडला. "तुम्ही पुस्तक वाचलंत?"

"हातसुद्धा लावला नाही. लावायचाही नाही."

"मग तक्रार कशाच्या जोरावर केलीत? साप साप म्हणून भुई धोपटायची?"

आता त्यांचा आवाज चढला. "भुई? 'मी वेडी झालेय का' असं एक पोरगी घरच्यांना विचारते, हे मुलांच्या पुस्तकात शोभतं तुम्हाला? टिंगल चाललीय का आमची?"

बोलता बोलता त्यांचा उजवा हात कोटाच्या आतल्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

ते वाक्य मी स्वतः पुस्तकातून काढलं होतं. दुकानात मिळणाऱ्या प्रतीत ते नव्हतं. शाळेच्या नव्या चार प्रतींत एक्क्याण्णवावं पान शाबूत होतं, पण त्यावर नवं वाक्य होतं. ते जुनं वाक्य या शाळेत एकाच प्रतीत होतं, आणि त्या प्रतीतलं एक्क्याण्णवावं पान कुणीतरी पट्टी लावून फाडून नेलं होतं.

पुस्तकाला हातही न लावलेल्या या माणसाने ते वाचलं कुठे? आणि "टिंगल आमची" म्हणजे नेमकी कुणाची?

चार

लायब्ररीत जाताना वाटेत तो बाक लागला. मुलगी अजून तिथेच होती. शिक्षकांच्या खोलीचं दार तिथून चार पावलांवर, आणि ते उघडंच होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही, कारण डोकं एक्क्याण्णवाव्या पानात अडकलं होतं.

ग्रंथपालांना मुलं 'श्शू सर' म्हणत. त्यांचा सगळ्यात मोठा आवाज तेवढाच. निवृत्तीला आलेले, सडपातळ, बोटांच्या टोकांवर कायमचा वाळलेला डिंक. मला बघून ते उठून उभे राहिले आणि उगाचच एक रबर सरळ ठेवलं.

"सर, तुमच्या पुस्तकांवर शिक्के कुठे कुठे मारता?"

"पहिल्या पानावर. शेवटच्या पानावर."

"आणि?"

ते रबर पुन्हा सरळ करायला लागले. मी कपाटातून हाताला आलं ते पुस्तक काढलं, पक्ष्यांवरचं होतं. एक्क्याण्णवावं पान उघडलं. खालच्या कोपऱ्यात शाळेचा छोटा गोल शिक्का. दुसरं काढलं, गणिताच्या कोड्यांचं. एक्क्याण्णव. शिक्का. मोठ्या बाईंच्या टेबलावरच्या चार प्रतींतही त्या एकट्या पानाच्या कोपऱ्यात हाच शिक्का होता. तो मला दिसला होता, पण माझं लक्ष स्वतःच्याच वाक्यांवर होतं. लेखकांची ती खोड असते.

"प्रत्येक लायब्ररीचं एक गुप्त पान असतं," मी म्हटलं. "चोराने पहिलं नि शेवटचं पान फाडलं तरी पुस्तक आपलं आहे हे सांगता यावं म्हणून. ते कोणतं, हे लायब्ररीवाल्यालाच माहीत असतं. मोठ्या बाईंनाही माहीत नाही, नाहीतर त्यांनी मला विचारलंच नसतं."

सर खुर्चीत बसले.

"चार पुस्तकांतून तुम्ही पाच-पाच कागद कापलेत, सर. बांधणीची सुरी तुमच्याकडे, हात सरावलेला. पण शिक्क्याचं पान कापायला हात धजावला नाही."

"धरली होती सुरी," ते अगदी हळू म्हणाले. "नाही झालं हो. आयुष्यभर जे पान जपलं, ते कापायचं कसं?"

"आणि बाकीची कशी कापवली?"

"ती परत चिकटवीन म्हणून. सगळी जपून ठेवलीयत. एकही कागद टाकलेला नाही." त्यांनी खण ओढून दाखवला. रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगते, माझा सगळा राग तिथेच ओसरला.

"पाचवी प्रत तुम्ही फाडली नाहीत."

"ती मला तशीच मिळाली. बाईंनी प्रती मागवल्या तेव्हा बघितली. एकटी तीच फाटलेली. ती तशी बाईंकडे गेली असती तर पहिला प्रश्न आला असता, ही शेवटी कुणी नेली होती? आणि ती कायम एकच जण नेतं. म्हणून बाकीच्याही कापल्या. सगळ्याच फाटल्या की कुणा एकावर बोट येत नाही."

"स्वतःच्या नोकरीवर धोंडा पाडून घेतलात."

"माझी उरलीय किती? तिचं अख्खं आयुष्य पडलंय."

"कुणाचं?"

सर खिडकीकडे बघत राहिले. तिथे एक रिकामी खुर्ची होती. "मी तिला खिडकीवाली म्हणतो. सुट्टीत सगळे मैदानावर असतात, ही इथे. पहिल्यांदा खूप वाचायची. हल्ली पुस्तक उघडून नुसती बाहेर बघते. डबा आणते आणि तसाच परत नेते. आणि तुमची ती जुनीच प्रत मागते. नवी दिली तर घेत नाही. मी एकदा विचारलं, का गं? तर म्हणाली, यात ती खरं विचारते."

भूक, झोप, मैत्रिणी. क्रम मीच लिहिला होता.

"सर, ती कुणाची मुलगी?"

"अध्यक्षांची. म्हणून तर घाबरलो."

"नववीत? अंगाने बारीक? दप्तर मांडीवर घेऊन बसते?"

"हो. तुम्ही कुठे बघितलीत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी धावत निघाले. या वयात मी धावत नाही, पण धावले.

बाक रिकामा होता.

पाच

समुपदेशक बाईंना सांगायला मला दोन वाक्यं पुरली. त्यांनी ती ऐकली आणि मागून धापा टाकत आलेल्या सरांकडे वळल्या. "सर, तुम्हाला आधीच दिसत होतं. मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पुस्तकाच्या विरुद्ध आहात असं वाटलं. आणि तिचं नाव कुठे येऊ नये म्हणून..."

"नाव झाकून पोर झाकलं जात नाही, सर." आवाज चढला नव्हता, पण सरांनी मान खाली घातली. "नंतर बोलू. आधी ती कुठे आहे ते बघू."

वर्गात नव्हती. मैदानावर नव्हती. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, बाहेर कुणी गेलेलं नाही. मोठ्या बाईंनी शिपायाला जिन्यांकडे पिटाळलं. शिक्षकांच्या खोलीतून अध्यक्षांचा आवाज मोकळा येत होता. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "फाडणारा सापडू दे, असा काढायला लावतो शाळेतून की परत दिसणार नाही."

बाकावर बसून हे शब्द न् शब्द ऐकू येत होते. मी त्या रिकाम्या बाकाशी उभी राहिले. ती ज्याची वाट बघत होती तोच हे बोलत होता.

विचार कर, मी स्वतःला म्हटलं. एरवी कागदावर पोरांना कुठून कुठे पळवतेस, आता एक पोर शोध.

मी मोठ्या बाईंच्या खोलीत डोकावले. टेबलावर चार प्रती होत्या. चारच. जुनी प्रत गेली होती.

"ती पुस्तक घेऊन गेलीय," मी म्हटलं. "पळून जाणारं पोर फाटकं पुस्तक बरोबर का घेईल? सर, तुमच्या मुलांना फाटकं पुस्तक सापडलं तर ती कुठे नेतात?"

सरांनी मान वर केली. "दवाखान्यात."

लायब्ररीमागे दुरुस्तीची एक छोटी खोली होती. दोरा, सुया, दाबायचा लाकडी शिकंजा, डिंकाच्या बरण्या. मुलांनी तिचं नाव दवाखाना ठेवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दार बंद होतं, आणि आतून कडी.

सर हाक मारणार होते. समुपदेशक बाईंनी हाताने थांबवलं आणि त्या दाराशी खाली बसल्या, तोंड दाराच्या फटीजवळ येईल अशा.

"मी आहे गं. तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. दार उघडलं नाहीस तरी चालेल, पण आवाज दे. ठीक आहेस का?"

काहीच आवाज आला नाही. सरांनी भिंतीला हात टेकला. त्या क्षणी मला माझ्या कादंबरीतलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"मी इथेच बसलेय," समुपदेशक बाई म्हणाल्या. "तुला हवा तेवढा वेळ घे."

मग आत खुर्ची सरकली आणि कडी निघाली.

तिच्या दोन्ही हातांना डिंक होता. टेबलावर जुनी प्रत उघडी होती, शिवणीपाशी डिंकाची जाड रेघ ओढलेली. चिकटवायला काहीच नव्हतं.

"पानं परत लावून टाकणार होते," ती म्हणाली. ओठ कोरडे पडले होते. "म्हणजे काही झालंच नाही असं होईल. पण पानं माझ्याकडे नाहीत."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "पानं तुझ्या बाबांच्या खिशात आहेत."

सहा

अध्यक्षांना मी दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं ते जवळजवळ ओढतच. मुलगी आत समुपदेशक बाईंजवळ बसली होती. दार अर्धं उघडं होतं. मोठ्या बाई आणि सर मागे थांबले.

"खिशातली पानं काढा," मी म्हटलं.

"कसली पानं?"

"तुम्ही म्हणालात, पुस्तकाला हात लावला नाही. पण जे वाक्य तुम्ही मला ऐकवलंत ते आता शाळेतल्या एका फाटक्या प्रतीखेरीज कुठेही नाही. ती पानं तुमच्याकडे आली. कशी?"

त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. हात आतल्या खिशात गेला आणि घडी घातलेले कागद बाहेर आले. घडीच्या रेघा मळल्या होत्या, म्हणजे ते पुन्हा पुन्हा उघडले गेले होते.

"दुकानाच्या बॅगेत होते," ते कष्टाने म्हणाले. "रविवारी. कुणीतरी मुद्दाम घातले. हे बघा ना काय केलंय. जिथे जिथे आई लिहिलंय तिथे खोडून बाबा केलंय. मला कळत नाही होय? बायको घर सोडून गेली हे गावभर झालंय. कुणीतरी टिंगल केली माझी, की आता तूच हिची आई. मी म्हटलं, हे शाळेच्या पुस्तकातलं आहे, पुस्तकच बंद पाडतो. आणि ज्याने हे केलं त्याला..."

वाक्य तिथेच अडलं, कारण मी ते कागद घेऊन चाळले होते आणि त्यांतलं एक पान त्यांच्याच डोळ्यांसमोर धरलं होतं.

"टिंगल करणारा एका ठिकाणी खोडतो आणि हसून मोकळा होतो," मी म्हटलं. "इथे बघा. 'आई म्हणाली' होतं, त्याचं 'बाबा म्हणाले' केलंय. वाक्यातला 'गं' काढलाय, कारण बाबांना कुणी गं म्हणत नाही. बाराच्या बारा पानं, एकही जागा सुटलेली नाही. पेन्सिल इतकी हलकी की कागदाला लागू नये. एवढी काळजी टिंगलीत घेतात का? तुमच्या दुकानाच्या बॅगेला हात लागेल असं घरात कोण आहे?"

ते पानाकडे बघत राहिले. मी आयुष्यात कितीतरी पानं लोकांना वाचताना बघितलीयत. असं वाचताना कुणाला बघितलं नव्हतं.

"माऊ?" त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

आतून उत्तर आलं, अगदी बारीक. "मला वाटलं, तुम्ही वाचून काहीतरी विचाराल. तुम्ही काहीच नाही बोललात. मग शाळेत आलात आणि म्हणालात, फाडणाऱ्याला काढून टाका. तेव्हा वाटलं, तुम्हाला कळलं, आणि मी तुम्हाला नकोय."

"अगं नाही," ते म्हणाले. "नाही गं राजा. मला कळलंच नाही."

कुठल्या तरी वर्गाची सुट्टी झाली आणि वरच्या मजल्यावर पावलं धडधडली. बैठकीची वेळ झाली होती. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग त्या दोघांकडे, आणि शिपायाला सांगितलं की अध्यक्ष येणार नाहीत, बैठक आज नाही. सरांनी लायब्ररीच्या खणातून रुमालाचा गठ्ठा आणून मोठ्या बाईंच्या हातात ठेवला आणि स्वतःहून म्हणाले, "चार प्रती मी कापल्यात. त्याचं काय ते माझ्याशी बोला." बाई म्हणाल्या, "बोलेन. सोडणार नाही तुम्हाला. आधी चिकटवून द्या."

अध्यक्ष उंबऱ्यात उभे होते. एवढा दणकट माणूस, पण आत पाऊल टाकायचं कसं ते त्याला सुचत नव्हतं. त्यांनी समुपदेशक बाईंकडे बघितलं. "मी काय बोलू? मला असलं येत नाही हो. काहीतरी चुकीचं बोललो तर?"

"तिने तुमची वाक्यं लिहून दिलीयत की," त्या म्हणाल्या. "तिथून सुरू करा. पुढचं मी आहे, डॉक्टर आहेत. एकट्याने करायचं नाहीये हे. तिनेही नाही आणि तुम्हीही नाही."

ते आत गेले. कागद उलगडले. चष्मा दुकानात राहिला होता, म्हणून त्यांनी पान हातभर लांब धरलं. पहिल्यांदा तिचं वाक्य मनात वाचलं. तेच जुनं, जे मी काढून टाकलं होतं आणि जे या पोरीला खरं वाटलं होतं. मैत्रिणीचं म्हणणं बरोबर होतं हे मला आजही मान्य आहे. पण त्या दिवसापासून तो शब्द मनात धरून गप्प बसलेली मुलं मला जास्त दिसतात.

मग ते मोठ्याने वाचायला लागले, पहिलीतलं पोर बोट ठेवून वाचतं तसं, एकेक शब्द सुटा.

"बाबा म्हणाले, नाही. तू वेडी नाहीस. तुला बरं नाहीये, आणि बरं होतं. सांग. मी इथेच बसलोय."

वाचून झालं तरी ते उभेच होते. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खुर्ची शोधली नाही. डिंक सांडलेल्या त्या फरशीवर, कोटासकट, ते मांडी घालून खाली बसले.

"बाबा," ती म्हणाली, आणि माझं छापलेलं सगळं सोडून स्वतःचं सांगायला लागली.